इंजिनावरचा नारळ

देवबागात शिवाच्या आणि किशोरीच्या घरांमध्ये एक वई आहे, म्हणजे काट्यांचं कुंपण. तिच्यावरून कावळासुद्धा सरळ उडत नाही, समुद्राकडून वळसा घालून जातो. गेल्या साली त्या वईवर दुधीचा वेल चढला होता. त्याला एका अंगाला दुधी लागले आणि दुसऱ्या अंगाला कारली. मी या डोळ्यांनी पाहिलं. कारली कोणाच्या अंगाला लागली ते सांगत नाही, कारण मला दोन्ही घरी चहा मिळतो.

भांडण कशावरून सुरू झालं ते आता दोघांनाही आठवत नाही. आठवण्याची गरजही नाही, कारण रोज ताजं मिळतं. शिवा वर्षानुवर्षांचा होडीवाला, बापापासून, आज्यापासून. किशोरी आणि तिचा नवरा विनीत हे वरच्या गावचे, पिंगुळीच्याही पलीकडचे, भात आणि काजू करणारे. विनीतच्या मावशीचं घर त्यांच्याकडे आलं म्हणून ती दोघं इथे आली आणि पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. शिवा आपला जवळा, ती बारीक कोळंबी, बरोब्बर त्या खोल्यांच्या खिडकीसमोर वाळत घालतो. मग पुण्याचे पाहुणे नाकाला रुमाल लावून जेवतात. किशोरी माहेरून काजूच्या टरफलांची पोती मागवते आणि वारा शिवाच्या घराकडे असला की न्हाणीच्या चुलीत तीच घालते. काजूच्या टरफलाचा धूर ज्याने सोसला नाही त्याला मी काय सांगणार. त्या धुराने एकदा शिवाच्या मांजराच्या मिशा गळल्या आणि ते महिनाभर लाजून घरात बसलं.

अशा दोन घरांमध्ये होडीचा सौदा झाला, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण तो विनीतने केला. विनीत गरीब माणूस. एका संध्याकाळी शिवाने त्याला पडवीत बसवून तळलेले बांगडे वाढले, आणि शेवटचा काटा चोखून व्हायच्या आत विनीतने शिवाची जुनी होडी मागच्या इंजिनासकट घ्यायचा शब्द दिला. पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला आता दुसऱ्याची होडी नको, आपली आपण नेऊ, असं त्याच्या मनात.

किशोरीला कळलं तेव्हा ती मला बोलवायला आली. मी पूर्वी तांडेल होतो, म्हणजे होडीचा मुख्य, आणि इंजिनांची मला सवय. एकदा पेट्रोल संपलं तेव्हा मी सोलकढीवर इंजिन चालवत विजयदुर्ग गाठलंय. येताना बिचारं वाटभर ढेकर देत होतं.

"तात्यानू," किशोरी म्हणाली, "माझ्या घोवाक पोवूक येणा नाय. तो पोवूक शिकलो तो भाताच्या खाचरात, घोट्याएवढ्या पाण्यात. आता तो पाहुण्यांका घेवन मुखाभायर जातलो म्हणता. इंजिन मुखार बंद पडला तर?"

मुख म्हणजे खाडी जिथे समुद्राला मिळते ती जागा. तिथे रेतीचा उंचवटा आहे आणि त्यावर लाटा फुटतात. इंजिन चालू असेल तर होडी लाटेला तोंड देऊन निघून जाते. इंजिन तिथेच बंद पडलं तर होडी आडवी होते, आणि आडवी झालेली होडी पुढची लाट पालथी करते. ज्याला पोहता येतं तोसुद्धा तिथे देवाचं नाव घेतो. विनीतला तेवढाही वेळ मिळाला नसता.

"मगे घेव नको," मी म्हटलं.

"शब्द दिल्यानी तेनी. शब्द मोडलो तर हो शिवा सगळ्या देवबागात ढोल वाजयतलो, वरल्या गावची माणसा शब्दाची नाय म्हणान. इंजिन बरा आसात तर घेतलंय. खोटा आसात तर तेच्या तोंडार सांगतलंय."

तर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वई ओलांडून शिवाच्या अंगणात गेलो. पायरीवर शिवाची आई नर्मदाबाय माडाच्या झावळांचे हीर सोलत बसली होती. तिला कानाने फारसं ऐकू येत नाही. पण गाऱ्हाणं मात्र ती तीन वाड्यांवरून ऐकते. माडाखाली आडव्या बांबूवर इंजिन टांगलेलं होतं, आणि शिवा त्याच्याजवळ असा उभा होता जसा पोराला दुसऱ्याने मारू नये म्हणून बाप उभा राहतो.

"भावजी, इंजिन बघल्याबिगर होडी घेणा नाय," किशोरी म्हणाली. ती शिवाला भावजी म्हणते ते आदराने नाही. त्या शब्दाला ती पाजून धार लावते.

"बघ गो. पण काय बघतलस? ता काय काजीचा बोंडू आसा, पिवळा झाला म्हणजे पिकला?"

"मोबायलात सगळा बघलंय मी. कसा तपासूचा ता."

"मोबायलातल्या दर्याक भरती येता काय?"

"नाय येयत. पण मोबायल दुसऱ्याच्या दारात जवळो सुकत घालणा नाय."

विनीत मध्ये म्हणाला, "जावंदे गो." दोघांनी एकदम त्याच्याकडे बघितलं. तो माडाच्या मागे जाऊन उभा राहिला आणि पुढचा बराच वेळ माडासारखाच दिसत होता.

मग तपासणी सुरू झाली. मी आधी इंजिनाचा खालचा पंखा हातात धरून वरखाली, मागेपुढे हलवला. खुळखुळ नव्हती. पंख्याच्या मागे जाळ्याचा नायलॉन गुंडाळला गेला की तो आतलं रबर कापतो आणि तिथून समुद्राचं पाणी आत शिरतं. तेव्हा किशोरीने पंखा काढायला लावला. शिवाने पाना असा आपटून घेतला की वाटावं, तो आपला दात काढतोय. आत नायलॉनचा धागासुद्धा नव्हता, वर नवीन ग्रीस.

"बघलंस?" शिवा म्हणाला.

"बघलंय. मोबायलात म्हटल्यानी तसा."

मग खालचा स्क्रू सैल करून तेल बघायचं. पंख्याची दातेरी चाकं ज्या तेलात फिरतात त्यात पाणी शिरलं असेल तर तेल दुधाळ होतं, दुधाच्या चहासारखं. किशोरीने बोट पुढे केलं, बोटावर थेंब पडला. तेल कसं, तर मधासारखं. इतकं स्वच्छ की त्यात माझा चेहरा दिसला, आणि तोसुद्धा तरुणपणीचा.

"तेल काल बदललास," मी म्हटलं.

"बरा करूक पाप लागता काय?" शिवा म्हणाला. "नव्या घरात जाता, न्हावन धुवन देवक नको?"

"माका न्हालेली नवरी नको," किशोरी म्हणाली. "माका तिचो पयलो संसार बघूचो आसा."

माझ्या मते त्या वेळी शिवाच्या हातातल्या पान्याला घाम फुटला. पाना लोखंडाचा, पण माणसाच्या हातात राहून त्यालाही सवयी लागतात.

मग निळ्या पिंपात गोडं पाणी भरून इंजिनाचा खालचा भाग त्यात सोडला. शिवाने दोरी ओढली. पहिल्या ओढीला इंजिन सुरू झालं आणि बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार बाहेर आली. आम्ही त्याला इंजिनाचं मुतणं म्हणतो. इंजिन मुततंय तोवर आतून पाणी फिरतंय आणि ते थंड आहे. मुतायचं थांबलं की ताबडतोब बंद करावं, नाहीतर आतून भाजतं. हे इंजिन तर असं मुतत होतं की धार वई ओलांडून किशोरीच्या तुळशीत पडली. शिवाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

"रवांदे चालू," किशोरी म्हणाली. "तापूंदे बरा."

शिवाने लगेच इंजिन बंद केलं. "म्हातारेच्या कानाक त्रास होता."

नर्मदाबाय हीर सोलत होती. तिच्या कानापाशी तोफ उडवली असती तरी तिने विचारलं असतं, कोणी हाक मारली काय.

किशोरी इंजिनाच्या टोपणाजवळ गेली. इंजिनाच्या डोक्यावर टोपण असतं, पकड सोडली की निघतं. आत प्लग, वायरी, खरा जीव तिथे असतो. पण त्या पकडीवरच तांबड्या कापडात बांधलेला नारळ होता, सुतळीने गच्च आवळलेला. नारळ सोडल्याशिवाय पकड सुटणार नव्हती.

"टोपण उघडा, भावजी."

"ता उघडूचा नाय. तो राखणेचो नारळ. बापाशीन दर्याच्या राखणदाराक सांगान बांधललो. सोडलेल्याच्या तोंडातसून रगात येता."

"बापाशीन बांधललो आणि कापड गेल्या बाजारातला?"

"कापड बदलतत गो वर्साक. तुमच्या वरल्या गावात देवाक फाटका लुगडा नेसयतत काय?"

"आमच्या गावात देवाक इंजिनाच्या नटार बसयनत नाय."

आता हे लक्षात घ्या, नारळ बांधण्यामागे शिवाची लबाडी होती हे मलाही दिसत होतं आणि त्या माडाच्या मागच्या माडालाही. पण नारळ देवाच्या नावाने बांधला की तो नारळ. लबाडीने बांधला म्हणून कोणी त्याला हात लावत नाही. किशोरीनेही लावला नाही. तिचा हात पकडीपर्यंत गेला आणि मागे आला. ती वरच्या गावची असली तरी शेवटी आमच्याच देवांची.

"नारळ सोडूची वाट आसा," मी म्हटलं. "गाऱ्हाणा घालूया. देवाक सांगान सोडूया. मगे रगात येवचा नाय."

शिवाने माझ्याकडे असं बघितलं की माझ्या मिशीचा एक केस तिथल्या तिथे पांढरा झाला. पण नाही म्हणता येईना. गाऱ्हाण्याला नाही कोण म्हणतो? आणि आमच्या वाडीत गाऱ्हाणं मीच घालतो. आवाज मोठा आहे आणि देवाला माझी सवय झालेली आहे.

बाहेरगावच्या वाचकासाठी एवढंच सांगतो: गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्याने आपलं म्हणणं मांडायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. लहानपणापासून तोंडाला इतकं वळण पडलेलं असतं की झोपेतल्या माणसाच्या कानात 'रे म्हाराजा' म्हटलं तरी तो 'व्हय' म्हणतो. आमच्याकडे एक म्हातारा गेला तेव्हा तिरडीवर बांधताना कोणीतरी गाऱ्हाणं घातलं, तर आतून व्हय आला. तिरडी सोडायला लागली.

मी नारळावर हात ठेवला. नर्मदाबाय हीर टाकून उठली, पदर डोक्यावरून घेतला आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. विनीत माडामागून आला. किशोरी एका बाजूला, शिवा दुसऱ्या बाजूला.

"बा देवा म्हाराजा, बारा-पाचाच्या धन्या, ह्या खाडयेच्या आणि दर्याच्या राखणदारा, आज ह्या रेतयेर तुझी लेकरा गोळा झाली आसत रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा." सगळ्यांत मोठा आवाज नर्मदाबायचा.

"ह्यो विनीत, ह्येका पोवूक येणा नाय, पाण्यात टाकलो तर पाट्यासारखो तळाक जाता रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," विनीतही म्हणाला.

"ही किशोरी, हिच्या जिभेन सुरमय उभी चिरूक येता, हिच्या धुरान शेजाऱ्याचे डोळे गेले रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा." किशोरीने दात आवळून म्हटलं, पण म्हटलं.

"आणि ह्यो शिवा, ह्येच्यासारखो वाकडो माणूस ह्या किनाऱ्यार दुसरो नाय, जवळो सुकत घालता तो दुसऱ्याच्या नाकार रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," शिवा म्हणाला. सवय.

आता मी जाळं थोडं खोल टाकलं. शिवाचं काय लपलंय ते मलाही ठाऊक नव्हतं. पण जाळं टाकणाऱ्याला मासा कुठे ठाऊक असतो.

"शिवा सांगता, ह्या इंजिन चोरीचा नाय, तेच्या हक्काचा. ता खोटा आसात तर फळ तेका दी रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," शिवा मोठ्याने म्हणाला, छाती काढून.

"शिवा सांगता, ह्येचा लोखंड खंय फुटला नाय, खंय सांधललला नाय. ता खोटा आसात तर फळ तेका दी रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," शिवा आणखी मोठ्याने.

"शिवा सांगता, ह्या इंजिन कधी दर्याच्या तळाक जावन इला नाय. ता खोटा आसात, आणि ह्यो विनीत ता घेवन मुखार बुडलो, तर तेच्या बुडण्याचा पाप शिवाच्या उंबऱ्यार येवंदे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," विनीत म्हणाला. किशोरी म्हणाली. नर्मदाबाय म्हणाली. आणि मग समुद्राचा आवाज ऐकू आला, जो एवढा वेळ ऐकू येत नव्हता.

शिवाचे ओठ मिटलेले होते. व्हय बाहेर पडला नाही.

नर्मदाबाय वळली. सगळं आयुष्य गाऱ्हाण्यातले आवाज मोजण्यात गेलेली बाई ती. "रे शिवा," तिने विचारलं, "तुझो व्हय खंय गेलो?"

शिवा पुढे झाला. सुतळी दातांनी तोडली, नारळ माझ्या हातात ठेवला आणि स्वतःच पकड सोडून टोपण काढलं.

वरवर बघणाऱ्याला आत काही दिसलं नसतं. पुसून लख्ख केलेलं होतं. पण किशोरीने हिराची एक काडी उचलली आणि फटीत घातली, वायरींच्या मागे, प्लगच्या मुळाशी. काडी बाहेर आली ती हिरवट-पांढरी होऊन. मीठ. वायरींची टोकं आतून हिरवी पडली होती. आणि एका खाचेत, मी शपथेवर सांगतो, जिवंत कुर्ली, म्हणजे खेकडी, बसली होती, आणि आमच्याकडे बघून ती लाजली.

"थंड आसताना चलता," मी म्हटलं. "तापला की हय मीठ पाझरता आणि बंद पडता. नेमका मुखार."

"कधी बुडाला?" किशोरीने विचारलं.

शिवा तिच्याशी बोलला नाही. माझ्याशी बोलला. "शिमग्याच्या आदी. मुखार. एकटोच होतंय. लाट मागसून इली, इंजिन पाण्यात गुदमारला, होडी आडवी आणि मगे पालथी. मी होडयेक धरून रवलंय. इंजिन सुटान तळाक गेला. दुसऱ्या दिसा ओहोटीक बुडी मारून दोरी बांधलंय आणि वडून हाडलंय."

"आणि कोणाक सांगलंस नाय?"

"काय सांगू? ह्या मुखार आज्याची होडी कधी पालथी झाली नाय. बापाशीची झाली नाय. माझी झाली."

मला वाटलं, आता किशोरी गप्प राहील. कोणीही राहिलं असतं.

"तुमचा नाक वाचवूक," ती म्हणाली, "माझ्या घोवान बुडाचा काय?"

शिवाने मान वर केली. "घोवाक दाव्याक बांधून ठेव मगे. पोवूक येणा नाय तेनी दर्याकडे येवचाच कशाक?"

"होडी नको," विनीत म्हणाला.

"तुमी गप रवा. होडी व्हयी," किशोरी म्हणाली. "होडयेक काय झालेला नाय. इंजिन हेनी बुडयला, हेच सरळ करतले. माझ्या अंगणात, माझ्या डोळ्यांम्होर, सगळो नट न् नट सोडून. आणि झाला की पयली फेरी मुखाभायर हेच नेतले. आमी बसतलो."

"तुझ्या अंगणात माझो पाय लागूचो नाय," शिवा म्हणाला.

"मगे नारळ काय करू?" मी विचारलं. अर्धं गाऱ्हाणं आणि न फुटलेला नारळ घेऊन मी उभा होतो, ते सगळे विसरले होते. "गाऱ्हाणा पुरा झाला नाय. नारळ आता इंजिनार बांधूक येवचो नाय. तुझ्या दारार टांगूक व्हयो, इंजिन सरळ होयसर."

नर्मदाबायने नारळ माझ्या हातातून घेतला आणि जाऊन घराच्या दारावर टांगला, बरोबर शिवाच्या डोक्याला लागेल अशा उंचीवर. "अर्ध्या गाऱ्हाण्याच्या घरात मी जेवण वाढूचंय नाय," ती म्हणाली आणि पुन्हा हीर सोलायला बसली.

एक वेळ उपास झाला. संध्याकाळी शिवा इंजिन खांद्यावर घेऊन वई ओलांडून गेला. वईचा काटा त्याच्या पायात मोडला. किशोरीने बघितलं आणि सुई दिली नाही.

मग कितीतरी दिवस मी जी मजा बघितली ती कुठल्या दशावतारात बघायला मिळत नाही. गोणपाट पसरून शिवा किशोरीच्या अंगणात इंजिन खोलत बसायचा. कार्बोरेटर काढला, पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशाने घासला. त्याच्या पोटातून एवढं मीठ निघालं की नर्मदाबायने त्यात वर्षाचे बांगडे खारवले. हिरव्या वायरी कापून नव्या जोडल्या. प्लगसाठी मालवणात जाऊन आला. आतलं बेअरिंग गंजलं होतं, ते बदललं. पाणी फिरवणारं रबराचं चाक नवीन घातलं, कारण जुन्याच्या पाकळ्या वाकल्या होत्या. पिस्टनच्या कड्या काढून साफ केल्या. किशोरी पायरीवर बसून मोबाइल समोर धरून एकेक गोष्ट विचारायची.

"ही चकती विसारलास."

"विसारलंय नाय. ती शेवटाक लागता."

"मोबायलात मदी लावल्यानी."

"मगे मोबायलाकच दोरी वडूक सांग."

ती त्याला चहा द्यायची, पण हातात नाही. जमिनीवर ठेवायची आणि वळून जायची. तो चहा उचलून तिच्या कोंबड्यांना पाजायचा. त्या कोंबड्या चहाला इतक्या सरावल्या की चहा मिळेपर्यंत जांभया द्यायला लागल्या. वारा बरोबर असला की ती काजूची टरफलं चुलीत घालायची; शिवा खोकत, डोळे चोळत नट आवळायचा. बदल्यात एकदा त्याने तिच्या कपड्यांच्या दोरीवर, पाहुण्यांच्या टॉवेलांच्या मधोमध, ओळीने बोंबील वाळत घातले. विनीत दोघांच्या मध्ये पाने पुरवायचा आणि दोघांच्या शिव्या खायचा. पण त्यातच तो शिकला. प्लग कसा ओळखायचा, पेट्रोलमध्ये तेल किती, समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात इंजिन चालवून आतलं मीठ कसं काढायचं. शिवाने त्याला शिकवलं असं मी म्हणणार नाही. शिवा इंजिनाला शिव्या देत होता आणि विनीत ऐकत होता.

इंजिन जोडून झालं तेव्हा किशोरीने ते पिंपात चालवायला लावलं आणि तापू दिलं. हात लावला तर भाजेल इतकं तापलं. बंद पडलं नाही. धार चालू. किशोरी काही बोलली नाही. ती चांगलं बोलली असती तर मला वाटतं इंजिन धक्क्याने बंद पडलं असतं.

मग पहिली फेरी. सकाळची भरती. मी नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, दारावरचा नारळ घेऊन, किशोरी मध्ये, विनीत अंगात दोन लाइफ जॅकेटं घालून, असा फुगलेला की होडी एका बाजूला कलली. मागे शिवा, इंजिनाच्या दांड्यावर हात.

खाडीतून सुरळीत निघालो. मुख दिसायला लागलं. लाटा फुटत होत्या, मोठ्या नाहीत, रोजच्याच. आणि आवाज कमी व्हायला लागला. मी मागे वळलो. इंजिन चांगलं होतं, धार पडत होती. शिवाचा हात सैल झाला होता. त्याचं तोंड राखेसारखं. तो समोरच्या पाण्याकडे बघत होता, त्याच जागेकडे, आणि हात हळूहळू वेग कमी करत होता. होडी वळायला लागली, आडवी. विनीतने दोन्ही जॅकेटं घट्ट धरली. मी शिवाला हाक मारली, त्याला ऐकू गेली नाही. लाट उचलत येत होती.

किशोरी मागे वळली. घाबरली होती, ओठ पांढरे पडले होते. पण जीभ तीच.

"भावजी," ती म्हणाली, "इंजिन बरा मुतता आसा. तुमी तेची बरोबरी करू नकात."

शिवाने तिच्याकडे बघितलं. मग त्याने अशी एक शिवी दिली, जी मी साठ वर्षं समुद्रावर घालवूनही ऐकली नव्हती. ती शिवी एवढी जड होती की होडीची नाळ वर उचलली गेली. त्याने दांडा पूर्ण पिळला, होडी सरळ झाली, लाटेच्या तोंडात घुसली आणि लाट आमच्या डोक्यावरून मागे गेली. समोरच्या दुसऱ्या लाटेने शिवी ऐकली होती, ती आधीच बाजूला सरकली.

मुखाबाहेर पाणी शांत होतं. मी गाऱ्हाणं पुरं केलं. सगळ्यांनी व्हय म्हटलं, शिवानेही म्हटलं, दात खाऊन. नारळ नाळेवर फोडला तर आत कोंब आलेला. मी कोंबाचे तुकडे करून सगळ्यांना दिले. किशोरीच्या हातून पुढे आलेला तुकडा शिवाने समुद्रात टाकला.

येताना दांडा विनीतच्या हातात होता. शिवा त्याच्याकडे पाठ करून बसला आणि वाटभर सांगत होता, डाव्यान, डाव्यान रे धोंड्या, लाटेक तोंड दी, पाठ नको दिव. पाठ कोणाकडे होती ते मी मोजत नाही.

शिवाने होडी का विकली, असं बाजारात लोक मला विचारतात. मी त्यांना सांगतो की शिमग्याच्या आधी एसटीएवढ्या मोरी माशाने, म्हणजे देवमाशाच्या भावाने, शिवाची होडी शेपटीने उडवली, ती आकाशात दोन कोलांट्या खाऊन पालथी पडली. कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणतात, तात्याचं नेहमीचं, शिवाची होडी कधी पालथी होईल काय. मग मी गप्प बसतो, आणि शिवा दोन दिवस माझ्याकडे रागाने बघत नाही.

विनीत आता रोज सकाळी पाहुणे घेऊन जातो. इंजिनाचा आवाज मुखाकडे जातो आणि लाटांच्या आवाजात बुडतो. त्या वेळी वईच्या अलीकडे किशोरी उभी असते, हातात केर काढायची केरसुणी, पण केर काढत नाही. पलीकडे शिवा उभा असतो, हातात जाळं, पण विणत नाही. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. आवाज मुखाबाहेर पुन्हा वर येतो. मग शिवा म्हणतो, "इल्यार गोड्या पाण्यान धुवूक सांग, नायतर परत मीठ खातला." किशोरी म्हणते, "तुमचा तोंड धुवा आदी." आणि दोन्ही घरांची दारं एकदम आपटतात.

त्या धक्क्याने वईजवळच्या माझ्या माडाचा एक नारळ रोज खाली पडतो. मी तो उचलून घरी नेतो. बा देवा म्हाराजा, ह्या दोघांचा भांडण असाच रवांदे, तेत खंय कमी पडू देव नको रे म्हाराजा.

व्हय म्हाराजा.